विश्लेषण : नवशिके आणि मुरलेले पायलट एकाच हँग ग्लायडिंग स्पर्धेत कसे उतरतील?

सुटीच्या दिवशी डोंगरावरून उडायला जाणाऱ्या मुंबईकरांच्या गटात सगळे एकाच तयारीचे नसतात. कोणी दहा वर्षे उडत असतो, तर कोणी मागच्याच महिन्यात पहिल्यांदा एकट्याने उडालेला असतो. अशा सगळ्यांची मिळून एक दिवसाची मैत्रीपूर्ण स्पर्धा भरवता येते. मात्र गुण कशाला द्यायचे, हे आधी नीट ठरवावे लागते. तिथे चूक झाली, तर ती नवशिक्याच्या जिवावर बेतू शकते.

हँग ग्लायडिंग म्हणजे काय?

ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर ताणलेले कापडी पंख म्हणजे हँग ग्लायडर. त्याला इंजिन नसते. पायलट हार्नेसमध्ये पालथा लटकतो आणि समोरच्या त्रिकोणी दांडीच्या आधाराने शरीराचा भार इकडेतिकडे सरकवून दिशा व वेग सांभाळतो. पॅराग्लायडरला असा सांगाडा नसतो, त्याचे पंख हवेने फुगतात. पुणे जिल्ह्यातील कामशेतला आज मुख्यतः पॅराग्लायडिंग चालते. पुढचे बहुतेक नियम दोन्हींना लागू पडतात.

स्पर्धा मुंबईतच का नाही?

गिरगाव चौपाटी किंवा शिवाजी पार्कवर वाऱ्याकडे तोंड करून उडता येईल असा डोंगरउतार नाही. शिवाय मुंबईचे आकाश विमानतळामुळे नियंत्रित आहे. सुरक्षेच्या कारणास्तव मुंबई पोलीसही ड्रोन, पॅराग्लायडर, हँग ग्लायडर यांवर वेळोवेळी बंदी आदेश काढतात. त्यामुळे मुंबईकरांना सोयीचे ठिकाण म्हणजे सुमारे ११० किलोमीटरवरचे कामशेत. दादरहून रेल्वेने लोणावळा आणि तिथून पुण्याकडे जाणारी लोकल, असा सरळ प्रवास आहे.

बक्षिसाचा धोक्याशी काय संबंध?

हे लालबाग-परळच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. दहीहंडीत जितके थर जास्त तितके बक्षीस मोठे. त्यामुळे सरावात सात थर लावणारे पथक चौकात आठव्याचा मोह धरते आणि संध्याकाळपर्यंत परळच्या केईएम रुग्णालयात जखमी गोविंदा येऊ लागतात. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २० फुटांची मर्यादा घातली होती, ती याच काळजीतून. पुढे ती मर्यादा राहिली नाही, पण मोह तसाच आहे.

हँग ग्लायडिंगमध्ये 'सर्वांत लांब' किंवा 'सर्वांत जास्त वेळ' याला बक्षीस ठेवले, तर नवशिक्याला तोच मोह होतो. झेपत नसलेल्या वाऱ्यात तो उडतो किंवा उतरण्याची जागा हाताशी असताना पुढे जातो.

मग गुण कशाला द्यायचे?

प्रत्येकाला स्वतःच्या पातळीवर नीट उडल्याचे गुण मिळावेत. उदाहरणादाखल १०० गुणांची विभागणी अशी करता येईल.

तयारी, ४० गुण : यात पंख, तारा, हेल्मेट आणि राखीव पॅराशूट यांची तपासणी येते. हँग ग्लायडिंगमध्ये 'हँग चेक' सर्वांत महत्त्वाचा. हार्नेस ग्लायडरला अडकवून, साथीदाराने पंख धरलेले असताना पायलट लटकून पाहतो. हार्नेस न अडकवताच धाव घेणे ही या खेळातली जुनी आणि जीवघेणी चूक आहे.

उतरणे, ४० गुण : दोन पायांवर, तोल सांभाळून उतरल्यास ३० गुण. उरलेले १० गुण वर्तुळात उतरल्याचे. नवशिक्यांसाठी ३० मीटर, मधल्यांसाठी १५ आणि अनुभवींसाठी ५ मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखावे. वर्तुळ गाठण्यासाठी जमिनीजवळ तीव्र वळण घेतल्यास उतरण्याचे सगळे गुण शून्य. कारण अपघात बहुधा तिथेच होतात.

अंदाज, २० गुण : किती मिनिटे उडणार हे पायलटने आधी सांगायचे. एक मिनिट इकडेतिकडे चालेल. इथे पाच मिनिटे सांगून पाच मिनिटे उडणारा नवशिका अनुभवी पायलटच्या बरोबरीला येतो.

गट करताना प्रत्येकात एक अनुभवी, एक मधला आणि एक नवशिका ठेवावा आणि तिघांची बेरीज धरावी. मग नवशिक्याचा हँग चेक नीट झाला की नाही, हे पाहणे अनुभवी पायलटच्याही फायद्याचे ठरते.

'आज नको' म्हणणाऱ्याचे काय?

वारा पाहून माघार घेणाऱ्याला तयारीचे पूर्ण गुण मिळावेत आणि उरलेल्या ६० गुणांपैकी त्याच्या पातळीच्या इतर पायलटांची सरासरी धरावी. म्हणजे गटाचे नुकसान नको म्हणून कोणी मनाविरुद्ध धाव घेणार नाही.

दिवस कसा आखायचा?

पावसाळ्यात उड्डाणे बंद असतात. ऑक्टोबरमध्ये मावळातल्या खाचरांत भात उभा असतो. कापणीनंतरचे डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने त्यामानाने सोयीचे. उतरण्याच्या शेताच्या मालकाला आधी विचारावे. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात आयोजकांच्या नोंदणीची तरतूद आहे, त्यामुळे नोंदणी असलेल्या स्थानिक प्रशिक्षण संस्थेला सोबत घेणे बरे.

मुंबईकरांनी आदल्या रात्रीच पोहोचावे. पहाटेची गाडी पकडून, अर्धवट झोपेत डोंगर चढून उडणे योग्य नाही. सकाळी आणि उतरत्या दुपारी हवा शांत असते, ती वेळ नवशिक्यांची. दुपारी जमीन तापून गरम हवेचे झोत वर उठतात, ती अनुभवींची. आधी एका जाणत्या पायलटने उडून हवेचा अंदाज द्यावा, मगच इतरांना सोडावे.

थांबवायचे कोणी?

यासाठी एकच सुरक्षाप्रमुख हवा आणि तो स्पर्धक नसावा. वाऱ्याची दिशा फिरली की त्याने थांबवायचे आणि त्यावर वाद नाही. वर आणि खाली वॉकी-टॉकी, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या फिती, प्रथमोपचार पेटी आणि स्ट्रेचर हवे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका नेमकी कुठपर्यंत येऊ शकते, हे आदल्या दिवशीच पाहून ठेवावे.

दिवसभर वारा जुळलाच नाही, तर तयारीच्या गुणांवर निकाल लावून जेवायला बसावे. पुढच्या रविवारी सगळे धडधाकट परत येणार असतील, तर ती स्पर्धा वाया गेली असे होत नाही.