अपरिचित संगीताचे श्रवण : जॅझ ऐकण्याची सुरुवात

१. उद्दिष्टे

या पाठाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला –

• अपरिचित संगीत पहिल्या श्रवणात ‘गोंधळ’ का वाटते, याचे कारण स्पष्ट करता येईल.
• जॅझमधील बारा खंडांचे आवर्तन बोटांवर मोजून ओळखता येईल.
• रागसंगीतातील विस्तार आणि जॅझमधील विस्तार यांतील साम्य व भेद सांगता येईल.
• चार-पाच निवडक ध्वनिमुद्रिकांच्या आधारे स्वतःचे श्रवण पुढे नेता येईल.

२. प्रस्तावना

विद्यार्थिमित्रहो, श्रवण हे भाषिक कौशल्य आहे, हे आपण मागील पाठांत पाहिले. ऐकू येणे आणि ऐकणे यांतील फरकही आपल्या परिचयाचा झाला आहे. या पाठात तोच विचार आपण भाषेच्या सीमेबाहेर, एका परक्या संगीतापर्यंत नेणार आहोत. ते संगीत म्हणजे जॅझ.

आरंभी स्वतःचा एक अनुभव नमूद करतो. वसतिगृहात राहत असताना एका मित्राने मला जॅझची एक कॅसेट ऐकण्यास दिली होती. दहा मिनिटांत मी ती बंद केली. वादक अद्याप वाद्ये जुळवीत आहेत आणि मुख्य वादन सुरू व्हायचे आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत झाली होती. ‘यात काही अर्थ नाही’ असा अभिप्राय देऊन मी ती परत केली.

पुढे पीएच.डी.च्या काळात मेळघाटात कोरकू भाषेचे नमुने ध्वनिमुद्रित करण्याची वेळ आली. कोरकू ही महाराष्ट्रातही बोलली जाते. परंतु ती मराठीप्रमाणे आर्यभाषाकुलातील नसून मुंडा गटातील भाषा आहे. एका वृद्ध गृहस्थांनी सांगितलेली गोष्ट मी रात्री पुनःपुन्हा ऐकत होतो. ते फार भरभर बोलत आहेत, मध्ये कोठेही थांबत नाहीत, असे मला वाटत होते. दोन-तीन आठवड्यांनी काही शब्द आणि प्रत्यय परिचयाचे झाले, तेव्हा तीच ध्वनिफीत संथ वाटू लागली. वक्ता तोच होता, गती तीच होती. बदलले होते ते माझे कान. शब्द कोठे संपतो आणि कोठे सुरू होतो, हे मला आता ऐकू येत होते. त्या रात्री मला त्या परत केलेल्या कॅसेटची आठवण झाली.

३. विषय-विवेचन

३.१ गोंधळ कोठे असतो?

बोलताना आपण शब्दाशब्दांत थांबत नाही. लेखनात दिसणारी मोकळी जागा उच्चारात नसते. मराठी ऐकताना शब्द सुटे वाटतात, ते आपण भाषेच्या ज्ञानाने ते सुटे करतो म्हणून. ज्या भाषेचे ज्ञान नाही, तिच्यात सीमा सापडत नाहीत आणि सारा ध्वनिप्रवाह अखंड व वेगवान भासतो. संगीताच्या बाबतीतही हेच घडते. जॅझ ऐकणाऱ्या नवख्या श्रोत्याला चाल कोठे संपली, वादकाचे वैयक्तिक वादन कोठे सुरू झाले, आवर्तन केव्हा पूर्ण झाले, हे कळत नाही. त्यामुळे सहा वादक एकाच वेळी मनाला येईल ते वाजवीत आहेत, असे त्याला वाटते.

म्हणून या पाठाचे मुख्य सूत्र असे : जॅझ आवडणे ही नंतरची गोष्ट आहे, प्रथम त्यातील सीमा ऐकू येणे आवश्यक आहे. त्यासाठी स्वरलिपीचे ज्ञान लागत नाही, गळा लागत नाही. संयमाने मोजणे मात्र लागते.

३.२ बारा खंडांची चौकट

जॅझमधील असंख्य रचना ‘ब्लूज’ नावाच्या आकृतिबंधावर उभ्या आहेत. चार मात्रांचा एक गट म्हणजे एक खंड. असे बारा खंड, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा, मिळून एक आवर्तन होते. हे बारा खंड चार-चारांच्या तीन ओळींत विभागलेले असतात. गायनात पहिल्या ओळीत एक विधान येते, दुसऱ्या ओळीत बहुधा त्याचीच पुनरुक्ती होते आणि तिसरी ओळ त्याला उत्तर देते.

या तीन ओळींखाली स्वरसमूहांचा एक क्रम असतो. अनेक स्वर एकाच वेळी वाजवून जो नाद निर्माण होतो, त्याला ‘कॉर्ड’ म्हणतात. ब्लूजच्या सर्वांत साध्या रूपात पहिल्या ओळीला षड्जावरील कॉर्ड असते. दुसरी ओळ मध्यमावरील कॉर्डने सुरू होते आणि अर्ध्यावर षड्जाकडे परतते. तिसरी ओळ पंचमावर सुरू होऊन मध्यमावरून पुन्हा षड्जावर येते. पाचव्या आणि नवव्या खंडाच्या आरंभी काहीतरी पालटल्यासारखे वाटते, ते यामुळेच.

मोजण्यासाठी आपला हात पुरेसा आहे. अंगठा सोडून उरलेल्या चार बोटांची पेरी बारा. तर्जनीपासून करंगळीपर्यंत वरची चार पेरी ही पहिली ओळ, मधली चार दुसरी आणि खालची चार तिसरी. प्रत्येक चार मात्रांना अंगठा एक पेर पुढे सरकवावा. एक हात पूर्ण झाला की एक आवर्तन पूर्ण झाले.

३.३ एक नमुना : ‘फ्रेडी फ्रीलोडर’

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या संग्रहाचे ध्वनिमुद्रण १९५९ साली न्यूयॉर्क येथे मार्च व एप्रिल महिन्यांतील दोन बैठकांत झाले. त्यातील दुसरी रचना ‘फ्रेडी फ्रीलोडर’ ही बारा खंडांची आहे. ती पावणेदहा मिनिटांच्या आसपास चालते आणि एका आवर्तनाला सुमारे वीस-बावीस सेकंद लागतात. गती मध्यम असल्यामुळे नवख्या श्रोत्याला मोजणे सोपे जाते.

आरंभी ट्रम्पेट आणि दोन सॅक्सोफोन मिळून मूळ चाल दोनदा वाजवतात. ही चाल अगदी लहान आहे. तिच्या मधल्या मोकळ्या जागा पियानो भरतो. पुढे एकेक वादक आपापले विचार मांडतो : प्रथम विंटन केली (पियानो), नंतर स्वतः डेव्हिस, मग जॉन कोल्ट्रेन (टेनर सॅक्सोफोन), कॅननबॉल अ‍ॅडर्ली (आल्टो सॅक्सोफोन) आणि पॉल चेंबर्स (बास). ड्रमवर जिमी कॉब आहेत. शेवटी मूळ चाल पुन्हा येते. या रचनेत आवर्तनाचे अखेरचे दोन खंड षड्जावर न विसावता वेगळ्या कॉर्डवर जातात. चौकट कळल्यावर हा बदलही आपोआप जाणवू लागतो.

ही ध्वनिमुद्रिका चार वेळा ऐकावी. पहिल्या वेळी केवळ बास ऐकावा. हे जाड तारांचे वाद्य बहुतेक काळ प्रत्येक मात्रेला एक स्वर देत चालते. मात्रा मोजण्यास त्याच्याइतका विश्वासू सोबती नाही. दुसऱ्या वेळी पेऱ्यांवर आवर्तने मोजावीत. तिसऱ्या वेळी वादक कोठे बदलतो, एवढेच टिपावे. तो आवर्तनाच्या सीमेवरच बदलतो, हे ध्यानात येईल. चौथ्या वेळी काहीही न मोजता ऐकावे. मोजणे ही शिडी आहे. वर पोहोचल्यावर ती हातात धरून बसण्याचे कारण नाही.

३.४ रागसंगीताचा कान : साम्य आणि भेद

मराठी श्रोता या वाटेवर अगदी रिकाम्या हाताने येत नाही. ठरलेल्या तालाच्या आवर्तनात कलावंताने आयत्या वेळी विस्तार करणे, ही कल्पना त्याला ख्यालामुळे परिचित आहे. कीर्तनात बुवांच्या पदाला टाळकऱ्यांनी द्यावयाची साथ आणि पोवाड्यातील झीलकऱ्यांचा प्रतिसाद ज्याने ऐकला आहे, त्याला एका वाद्याने विचारावे व दुसऱ्याने उत्तर द्यावे, हा जॅझमधील व्यवहार परका वाटणार नाही.

मात्र तीन भेद लक्षात ठेवले पाहिजेत. पहिला भेद आधाराचा. रागगायनात तंबोऱ्याचा षड्ज अखेरपर्यंत स्थिर असतो. जॅझमध्ये कॉर्ड बदलत जातात. एकच स्वर धरून ठेवला तरी त्याखालची जमीन सरकते आणि त्या स्वराचा भाव पालटतो. जॅझचा वादक या सरकत्या जमिनीवर वाक्य रचीत असतो.

दुसरा भेद आघाताचा. आपले लक्ष समेकडे असते. जॅझमध्ये चारांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला उठाव दिला जातो. या मात्रांवर टाळी देऊन पाहावी. अंगात एक निराळा डोल येतो. याशिवाय मात्रेचे दोन भाग समान न करता पहिला दीर्घ व दुसरा ऱ्हस्व वाजवण्याची पद्धत आहे. या डोलाला ‘स्विंग’ म्हणतात. बोलीचा हेल जसा लेखनात पूर्णपणे पकडता येत नाही, तसा स्विंगही स्वरलिपीत पूर्णपणे उतरत नाही. तो ऐकूनच शिकावा लागतो.

तिसरा भेद सहभागाचा. एक वादक पुढे असताना पियानो, बास आणि ड्रम केवळ मागे चालत नाहीत. ते त्याच्या वाक्यांना दुजोरा देतात, मध्येच प्रश्न विचारतात. म्हणून जॅझला संभाषण म्हणणे शास्त्रीय दृष्ट्याही सयुक्तिक ठरते. मर्यादित नियमांतून अमर्याद वाक्ये निर्माण होतात, हे भाषेचे वैशिष्ट्य येथेही दिसते. नियम आधी ठरलेले असतात. वाक्य आधी ठरलेले नसते.

३.५ हे संभाषण कोणाचे?

जॅझचा उगम अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स या बंदरशहराशी जोडला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील काँगो स्क्वेअर या मैदानात आफ्रिकी वंशाचे गुलाम रविवारी एकत्र जमून वादन आणि नृत्य करीत. पुढे ब्लूज, चर्चमधील सामूहिक गायन, रॅगटाइम आणि मिरवणुकींतील पितळी वाद्यांचे बँड या प्रवाहांच्या संगमातून विसाव्या शतकाच्या आरंभी जॅझ आकाराला आले. जॅझची पहिली मानली जाणारी ध्वनिमुद्रिका १९१७ साली निघाली. तीतील वादक मात्र गोरे होते.

‘काइंड ऑफ ब्लू’ ऑगस्ट १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमधील ज्या क्लबात डेव्हिस वाजवीत होते, त्याच्याच दाराबाहेर ते मध्यंतरात उभे असताना पोलिसांनी त्यांना हटकले, डोक्यावर मारहाण केली आणि अटक केली. आत त्यांचे वादन ऐकण्यासाठी लोक पैसे मोजत होते.

जॅझलाही दीर्घकाळ ‘गोंगाट’ म्हटले गेले. भाषेच्या अभ्यासकाने हा शब्द ऐकताच सावध व्हावे. ज्यांचे बोलणे आपल्याला समजत नाही, त्यांना बोलताच येत नाही असे ठरवणे हा फार जुना अन्याय आहे. कोरकूसारख्या भाषांच्या वाट्याला तो आजही येतो. माझा वसतिगृहातील अभिप्राय याच जातीचा होता. तो जॅझविषयी काही सांगत नव्हता. माझ्या अपुऱ्या श्रवणाविषयी सांगत होता.

३.६ मुंबई-गोव्याचा दुवा

जॅझचा आपल्या प्रदेशाशी प्रत्यक्ष संबंधही आहे. पोर्तुगीज राजवटीतील गोव्यात चर्चशी संलग्न शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी व वादन शिकवले जाई. तेथे तयार झालेले अनेक वादक मुंबईत आले. हॉटेलांतील जॅझवृंदांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्यांनी काम केले. चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले ट्रम्पेटवादक अंतोनिओ शावियेर वाझ हे त्यांपैकी एक. संगीतकार सी. रामचंद्र यांच्याशी त्यांचे सहकार्य होते आणि ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. जुन्या हिंदी चित्रगीतांतील ट्रम्पेट व सॅक्सोफोनचे तुकडे ज्यांना आवडतात, त्यांच्या कानावर जॅझचे उच्चार नकळत पडलेले आहेत.

३.७ पुढील श्रवणाचा क्रम

(अ) लुई आर्मस्ट्राँग – ‘वेस्ट एंड ब्लूज’ (१९२८). सव्वातीन मिनिटांच्या आसपासची ही रचनाही बारा खंडांची आहे. आरंभी एकट्या ट्रम्पेटचे मुक्त वादन आहे. ते संपल्यावर मोजण्यास सुरुवात करावी.

(आ) डेव्ह ब्रुबेक यांच्या चमूची ‘टेक फाइव्ह’ (१९५९). सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंड यांची ही रचना पाच मात्रांत आहे. तीन आणि दोन असे गट करून मोजावे.

(इ) बिली हॉलिडे – ‘स्ट्रेंज फ्रूट’ (१९३९). कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारून झाडाला लटकावण्याच्या क्रौर्याविषयीचे हे गीत आहे. येथे मोजू नये. शब्दांवरील आघात आणि विराम ऐकावेत.

(ई) कोलमन हॉकिन्स – ‘बॉडी अँड सोल’ (१९३९). येथे आवर्तन बत्तीस खंडांचे आहे. मूळ चाल आरंभीच मागे पडते आणि विस्तार पुढे येतो. म्हणून ही ध्वनिमुद्रिका शेवटी ठेवावी.

एका आठवड्यात एकच रचना ऐकावी. भ्रमणध्वनी आणि साधे इअरफोन पुरेसे आहेत. मात्र लहान ध्वनिवर्धकावर बास नीट ऐकू येत नाही, म्हणून इअरफोन वापरणे इष्ट.

४. सारांश

अपरिचित भाषेप्रमाणेच अपरिचित संगीतही सीमा न कळल्यामुळे गोंधळाचे वाटते. बारा खंडांचे आवर्तन, बासची चाल आणि वादक बदलण्याच्या जागा ओळखता आल्या की जॅझमधील रचना स्पष्ट होऊ लागते. रागसंगीताचा संस्कार येथे उपयोगी पडतो. परंतु बदलत्या कॉर्ड, दुसऱ्या-चौथ्या मात्रेचा आघात आणि वादकांमधील संवाद हे विशेष स्वतंत्रपणे शिकावे लागतात. एवढे केल्यानंतरही एखाद्या श्रोत्याला जॅझ आवडले नाही, तर ती त्याची अभिरुची होय. ऐकण्यापूर्वीच दिलेल्या अभिप्रायाला मात्र अभिरुची म्हणता येत नाही.

५. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘गोंधळ ध्वनीत नसून श्रवणात असतो’ हे विधान भाषा आणि संगीत या दोहोंच्या आधारे स्पष्ट करा.
२. ब्लूजच्या आवर्तनातील तीन ओळींचे परस्परसंबंध सांगा.
३. तंबोऱ्याचा स्थिर आधार आणि कॉर्डचा बदलता आधार यांमुळे विस्तारात कोणता फरक पडतो?

६. उपक्रम

‘फ्रेडी फ्रीलोडर’ सूचनेप्रमाणे चार वेळा ऐका. प्रत्येक श्रवणानंतर, काय आवडले हे न लिहिता, नव्याने काय ऐकू आले तेवढेच पाच ओळींत लिहा. चारही टिपणे शेजारी ठेवून वाचा आणि पहिल्या टिपणाविषयी आज तुमचे मत काय आहे, ते संपर्कसत्रात मांडा.