केळझर ते बोरधरण : दीड दिवसाच्या सहलीची घडण

नागपूर-वर्धा रस्त्यावर बुटीबोरी मागे पडली की कारखान्यांच्या भिंती संपतात आणि कपाशी-तुरीची काळी जमीन सुरू होते. सेलडोह, खडकी ओलांडल्यावर उजव्या-डाव्या हाताला बोरच्या डोंगररांगेची टोके दिसू लागतात आणि त्यांतल्याच एका टेकडीला बिलगून केळझर लागते. वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले हे गाव नागपूरहून सुमारे 50 किलोमीटरवर आहे. पुढे सेलू, तिथून हिंगणीमार्गे बोरधरण. शनिवारी सकाळी निघून रविवारी संध्याकाळी घरी परतणाऱ्या नागपूरकरासाठी हा पट्टा नेमक्या मापाचा आहे. प्रवासात जेमतेम दोन तास जातात, उरलेला वेळ हाती राहतो. शनिवार-रविवारची सहल ठरते ती प्रेक्षणीय स्थळांपेक्षा या उरलेल्या वेळावर.

केळझरची ओळख टेकडीवरच्या सिद्धिविनायकामुळे. नागपूरची टेकडी, आदासा, रामटेक, पवनी, मेंढा, कळंब, भद्रावती आणि केळझर असे विदर्भाचे अष्टविनायक मानले जातात. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, पांडव इथे राहिले आणि भीमाने बकासुराला इथेच मारले, अशी गावाची श्रद्धा आहे. हाच मान जळगाव जिल्ह्यातले एरंडोलही सांगते, बंगालमधले एक गावही सांगते. बकासुर एकच होता आणि दावेदार तीन आहेत, एवढे म्हणून हा वाद सोडून द्यावा. जुन्या किल्ल्याचे अवशेष आणि गावातला बौद्ध विहार पाहिला की केळझरचा इतिहास एका दैवतापुरता नाही, हे कळते. टेकडी फार उंच नाही, वयस्कर माणसालाही दम खात चढता येते. वरून एका बाजूला शेते, दुसऱ्या बाजूला सागाचे रान दिसते. संकष्टीला आणि त्यातही अंगारकीला मात्र इथे गर्दी असते. निवांतपणा हवा असेल तर तिथी पाहून निघावे.

साहस आणि आराम यांचा मेळ घालणारी सहल ही नवी कल्पना असल्याचे रिसॉर्टांच्या जाहिराती सांगतात. वऱ्हाडात मात्र तिचे एक जुने रूप आहे आणि ते अजून टिकून आहे. देवस्थानाजवळच्या आमराईत किंवा शेतात रोडग्यांचा स्वयंपाक करायचा, हेच ते रूप. कणीक घट्ट भिजवतात. छोट्या पोळ्या लाटून प्रत्येकीला तेलाचा हात लावतात, त्या एकावर एक ठेवतात आणि शेवटी एका मोठ्या पोळीत गुंडाळून गोळा बंद करतात. तोवर बाजूला गोवऱ्यांचा ढीग पेटवलेला असतो. ज्वाळा बसल्या आणि नुसता निखारा उरला की गोळे त्यावर मांडून वरूनही निखारा आणि राख लोटतात. इथे घाई चालत नाही. आच जास्त झाली तर वरचा पापुद्रा करपतो आणि आतली कणीक कच्ची राहते. एखादा अनुभवी माणूस काठीने गोळे फिरवत राहतो, बाकीचे वांग्याच्या रस्सेदार भाजीकडे आणि वरणाकडे पाहतात. भाजलेला रोडगा फडक्यात घेऊन राख झटकतात, हाताने दाबून फोडतात. पदर सुटे झाले की तो साधला. मग त्यावर तुपाची धार. या सगळ्यात तीन-चार तास जातात आणि तेवढा वेळ माणसे झाडाखाली गप्पा मारत बसतात. आजच्या ‘वीकेंड’ला जे पैसे देऊन मिळवावे लागते त्यातले बरेचसे या बैठकीत आधीपासूनच होते.

जेवून पुढे निघाले की सेलूला मुख्य रस्ता सोडावा लागतो. हिंगणीनंतर रस्ता अरुंद होतो आणि बोर नदीवरच्या धरणाचा जलाशय दिसतो. या जलाशयाभोवतीच्या जंगलाला 1970 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, तेव्हा त्याचे क्षेत्र 61 चौरस किलोमीटर होते. लगतचे जंगल जोडून 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, तोही सुमारे 138 चौरस किलोमीटरचाच. देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत बोरची गणना होते. लहान असले तरी त्याचे स्थान मोक्याचे आहे : पेंच, मेळघाट, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला आणि नवेगाव-नागझिरा यांच्या मधोमध हे जंगल येते आणि वाघ त्याचा उपयोग जाण्यायेण्याच्या वाटेवरचा मुक्काम म्हणून करतात. ही वाट रस्त्यांनी जागोजागी कापलेली आहे. बोरमधला ‘बाजीराव’ हा गाजलेला वाघ डिसेंबर 2017 मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मेला. शहरातून दोन तासांत जंगल गाठता येते याची ही दुसरी बाजू.

मुक्कामाची सोय बोरधरणला आहे. पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे, खासगी रिसॉर्ट आहेत. पाहुण्याला खोली, पंखा, पोहण्याचा तलाव एवढे दिसते. ते चालवणाऱ्याच्या दृष्टीने हे सारे काम घड्याळाचे असते. सकाळची सफारी सूर्योदयाच्या सुमारास सुटते, त्याआधी गेटवर नोंदणी व्हायला हवी, म्हणजे पाहुणा पाचच्या आसपास उठायला हवा. त्याआधी गरम पाणी, चहा आणि बरोबर न्यायचे डबे तयार हवेत. म्हणजे स्वयंपाकघरात कोणीतरी चारला उठते. सफारीहून परतलेली माणसे धुळीने माखलेली आणि भुकेली असतात, त्यांना दहा-साडेदहाला तर्री-पोहे किंवा आलुपराठे समोर लागतात. दुपारी बारा ते चार, विशेषतः मार्चनंतर, बाहेर पडण्याची सोय नसते. वर्ध्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. तेव्हा खोली थंड ठेवणे हेच मुख्य काम होऊन बसते : कूलरमध्ये पाणी भरणे, त्याच्या ताट्या ओल्या राहतील हे पाहणे, वीज गेली तर जनरेटर लावणे. रात्री चुलीवरची भाकर, ठेचा, वांग्याचे भरीत, कुणाला सावजी मटण. जंगलाच्या कडेला राहायचे तर दिवे मंद आणि आवाज बंद ठेवावे लागतात. काही पाहुण्यांना हे सांगावे लागते आणि कधी दोनदा सांगावे लागते.

सफारीचे काम गेटवर सुरू होते. आरक्षण बहुतेक ऑनलाइन झालेले असते. ओळखपत्र आणि नावे ताडून पाहिली जातात, जिप्सीचा क्रमांक आणि गाइडचे नाव नोंदले जाते. गाइड आणि चालक आसपासच्या गावांतले असतात. उघड्या जिप्सीत सहा पर्यटक बसतात. थंडीत गोधडी अंगावर घेऊन निघालेला माणूस साडेनऊला घामाघूम होऊन परततो. आत गाडीचा वेग ताशी 20 किलोमीटरच्या आत ठेवायचा, खाली उतरायचे नाही, ठरलेला रस्ता सोडायचा नाही.

पर्यटक झाडांकडे पाहत असतो तेव्हा गाइड रस्त्याकडे पाहत असतो. जंगलातली कच्ची वाट रात्रभरात बरेच काही टिपून घेते. वाघाला मऊ धुळीवरून चालायला आवडते, म्हणून त्याचे ठसे बहुधा वाटेच्या कडेला सापडतात. पुढच्या पायाचा ठसा मागच्यापेक्षा मोठा असतो. नराचा साधारण चौकोनी दिसतो आणि मादीचा लांबट. रानकुत्र्याच्या ठशात नखे उमटतात, वाघाच्या ठशात उमटत नाहीत. ठसा कोणाचा याहून तो केव्हाचा हे ओळखणे अवघड. कडा धारदार आहेत का, दवाचे थेंब ठशावर पडले आहेत की ठसा दवावर उमटला आहे, किड्यांची नक्षी त्याला ओलांडून गेली आहे का, रात्रीच्या गाडीचे चाक त्यावर आहे की त्याखाली, अशा खुणांवरून वेळ काढली जाते. व्याघ्रगणना एके काळी अशा ठशांवरून होत असे. 2006 नंतर ती प्रामुख्याने कॅमेरा ट्रॅपवर गेली. गाइडला मात्र ठसा अजूनही लागतो, कारण कॅमेरा वाघ होता हे सांगतो आणि गाइडला तो कुठे गेला असेल हे हवे असते.

मग चालक इंजिन बंद करतो. इथून पुढचे काम कानांचे. झाडाच्या शेंड्यावरचे वानर दूरवर पाहू शकते. त्याची खाकरल्यासारखी ओरड सुरू झाली की काहीतरी चालते आहे, एवढे नक्की. चितळ तीक्ष्ण शिट्टीसारखा आवाज काढते, पण चितळ भित्रे, ते बिबट्यालाही ओरडते आणि कधी उगाचही. सांबराचा जड ‘पोंक’ आला की गाइड ताठ होतो. सांबर सहसा खात्री झाल्याशिवाय ओरडत नाही. याला सगळे ‘कॉल’ म्हणतात. एका दिशेने कॉल येत राहिला आणि पुढे सरकत गेला, तर वाघ चालतो आहे. मग तो वाट कुठे ओलांडेल याचा अंदाज बांधायचा, गाडी तिथे नेऊन उभी करायची आणि बसून राहायचे. उन्हाळ्यात हाच हिशोब पाणवठ्यांवर होतो. पानझड झालेल्या सागाच्या रानात दूरचे दिसते आणि जनावराला पाण्यावर यावेच लागते.

बहुतेक फेऱ्यांत वाघ दिसत नाही. एवढ्या लहान जंगलात तो कुठेतरी दिसेलच, हा समज चुकीचा आहे. जंगल लहान असले तरी वाघाला लपायला एक करवंदीची जाळी पुरते. दिसतात ते रोही, चितळ, सांबर, रानगवे, मोर, क्वचित अस्वल किंवा रानकुत्र्यांची टोळी. थंडीत जलाशयावर पाहुणी बदके उतरतात. फक्त वाघासाठी आलेला माणूस सकाळी नऊपासून घड्याळ पाहू लागतो. गाडी उभी असताना पंधरा मिनिटे न बोलता बसू शकणाऱ्यालाच इथे पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात.

घाईची किंमत वन्यप्राण्यांना मोजावी लागते. 31 डिसेंबर 2024 रोजी जवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवली. त्याची चित्रफीत पसरली, गाइड-चालकांवर कारवाई झाली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर सफारीतल्या मोबाइलवरचे निर्बंध कडक झाले. त्याही आधी, 2012 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातले पर्यटन काही महिने थांबवले होते. पुढे आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी गाभ्याच्या जास्तीत जास्त 20 टक्के भागातच पर्यटन ठेवायचे ठरवले. दोष एकट्या चालकाचा नसतो. ‘सायटिंग’ झाली तरच हातात जास्तीची बक्षिसी पडणार असेल, तर गाडी पुढे दामटण्याचा मोह होणारच.

आराम अजिबात नको असलेल्यांसाठी वर्षातून एक रात्र राखलेली असते. वैशाखी पौर्णिमेला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, वन विभाग ‘निसर्गानुभव’ नावाने पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसण्याची परवानगी देतो. दुपारी उन्हात मचाणावर चढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचे. मधल्या वेळात खाली पाय टेकवायचा नाही, अत्तर लावायचे नाही, भडक कपडे चालत नाहीत, डब्याचा आवाजही होऊ द्यायचा नाही. पूर्वी ही रात्र गणनेची असे. आता ती प्रामुख्याने अनुभवासाठी आहे. लाकडी फळ्यांवर रात्र काढल्यावर पाठीची जी अवस्था होते तिचा उल्लेख छायाचित्रांत येत नाही.

रविवारी परतताना हिंगणी-सेलूहून पवनार आणि सेवाग्राम गाठता येते. धाम नदीकाठचे पवनार विनोबांचे. ते 1938 मध्ये इथे आले आणि 1959 मध्ये त्यांनी ब्रह्मविद्या मंदिर स्थापले. आश्रमाच्या आवारात जमिनीत सापडलेली जुनी शिल्पे ठेवलेली आहेत. सेवाग्रामला गांधीजी 1936 मध्ये राहायला आले. तिथली बापू कुटी माती, बांबू आणि कवेलूंची आहे. एसी खोलीतून निघालेल्या पाहुण्याने एप्रिलच्या दुपारी त्या जाड मातीच्या भिंतींच्या आत पाच मिनिटे उभे राहावे. बाहेरच्या आणि आतल्या हवेतला फरक अंगाला लगेच जाणवतो. वर्ध्यातून निघताना गोरसपाकाचे पुडे घेण्याची रीत आहे.

पावसाळ्यात बोरची गेट बंद होतात. जुलै ते सप्टेंबर सफारी नसते. कच्च्या वाटा वाहून जातात आणि प्राण्यांच्या विणीलाही मोकळीक मिळते. गाइड-चालकांपैकी ज्यांची शेती आहे ते निंदण-डवरणीला लागतात. या तीन महिन्यांत केळझरची टेकडी आणि धरणाचा परिसर मात्र सर्वांत हिरवा असतो, त्यामुळे एका दिवसाच्या सहली वाढतात, रिसॉर्टचे दर उतरतात आणि रोडग्यांसाठी कोरड्या गोवऱ्या घरूनच न्याव्या लागतात. ऑक्टोबरमध्ये वाटा दुरुस्त झाल्या की आरक्षण पुन्हा सुरू होते आणि दिवाळीच्या सुट्टीतले शनिवार-रविवार सगळ्यांत आधी भरतात.