वलगणीचा काटा

मृगाचा पाऊस जोरात कोसळला की शहापूर-मुरबाडकडचे ओढे भरतात आणि अंडी घालायला निघालेले मासे प्रवाहाविरुद्ध थेट भातखाचरांत चढतात. हीच वलगण. बॅटरी, जाळे, पाटी, जे सापडेल ते घेऊन माणसे पाण्यात उतरतात आणि रात्री एखादा हात धरून कण्हत घरी येतो. शिंगीचा काटा! स्वयंपाकघरातही सुटका नाही. जिवंत शिंगी राख लावून धरणाऱ्या अम्मीची, खालाची बोटे तर काट्याच्या अगदी जवळ असतात.

शिंगीच्या कल्ल्यांमागच्या दोन्ही परांत एकेक विषारी काटा असतो. समुद्रातल्या पाकटाच्या शेपटीवरचा काटा याच जातीचा. सप्टेंबर २०१३ मध्ये दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनावेळी गिरगाव चौपाटीवर पाकटांनी अनेकांचे पाय जखमी केले होते. दोन्ही विषे उष्णतेने निकामी होतात, म्हणून उपायही एकच: जखम धुऊन हात किंवा पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या, ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवायचा. पाणी निवले की बदलायचे. गरमपणा मात्र चांगल्या हाताने पाहावा. दुखरा भाग बधिर झालेला असतो, मधुमेह असेल तर मुळातच बधिर, आणि विषाऐवजी भाजल्याचाच इलाज करत बसावे लागते. बर्फाचा इथे उपयोग नाही. हळद-चुना भरला तर जखम धुणाऱ्याचे काम तेवढे वाढते.

कळ थांबली तरी दवाखाना टाळू नये. काट्याचा तुकडा आत राहतो, तो एक्स-रेत पाहावा लागतो. चिखलाच्या पाण्याची जखम पिकते. धनुर्वाताचे इंजेक्शनही हवेच. पाकटाचा काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर तो घरी उपसू नये.

आता खरी भीती. अंधारात, पाण्यात ‘काहीतरी लागले’ आणि मासा कुणी पाहिलाच नाही, तर तो सर्पदंश समजावा. तिथे गरम पाण्यात घालवलेला अर्धा तास महागात पडतो. अंगठी, बांगड्या काढा, हात-पाय फळी लावून स्थिर ठेवा, करकचून बांधू नका, चिरू नका. १०८ ला फोन करून शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा. वाटेत पापण्या जड झाल्या, हिरड्यांतून रक्त आले किंवा सूज वर चढली, तर ती वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा.