वाचनालयाचे दार कोणत्या वेळी उघडे असते?

रमजानच्या दिवसांत असरची नमाज झाली की मोहल्ल्यात लगबग सुरू होते. समोशांच्या कढया तापतात, खजूर आणि टरबुजाच्या गाड्यांभोवती गर्दी होते, घराघरांत इफ्तारीची फळे चिरायला घेतली जातात. शाळकरी मुलांना मात्र या तास-दीड तासात काही उद्योग नसतो. रोजा असल्यामुळे खेळायला अंगात त्राण नसते आणि स्वयंपाकघरात ती पायात पायात येतात. यंदा रमजान आणि दहावी-बारावीच्या परीक्षा एकाच वेळी आल्या आहेत. दोन खोल्यांच्या घरात पुस्तक उघडून बसलेल्या मुलीला दर पाच मिनिटांनी कोणी ना कोणी हाक मारते. अशा वेळी जवळपास एखादे वाचनालय असेल आणि त्याचे दार उघडे असेल, तर तिचा तो एक तास कारणी लागतो.

मांजरीसारख्या गावात हा प्रश्न आवर्जून विचारण्यासारखा आहे. मुळा-मुठेच्या एका काठाला मांजरी बुद्रुक, दुसऱ्या काठाला मांजरी खुर्द. पुणे-दौंड लोहमार्गावरचे छोटे स्थानक, उसावर संशोधन करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांमुळे हे नाव राज्यभरातल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. २०२१ मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आले. कागदोपत्री गाव शहर झाले, शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, नवी माणसे राहायला आली. जुन्या गावात एकमेकांना ओळखणारी माणसे पारावर, तालमीत, मंदिरात, मशिदीत भेटत. नव्या वस्तीतल्या माणसांची शेजारच्या जिन्यावरच्या माणसांशीही ओळख नसते. अशा ठिकाणी जात, धर्म, भाषा न विचारता कोणालाही बसू देणारी जागा कोणती, असा विचार केला तर पहिले नाव वाचनालयाचेच येते.

पुण्याला या जागेची ओळख जुनी आहे. १८४८ मध्ये इथे ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’ सुरू झाली. आज ती पुणे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखली जाते. तिच्या स्थापनेत लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांचा पुढाकार होता. त्याच वर्षी, त्याच शहरात, भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. पुढे या कामात सावित्रीबाईंना फातिमा शेख यांची सोबत मिळाली. शाळेने अक्षर शिकवावे आणि वाचनालयाने ते जन्मभर पुरेल एवढे खाद्य द्यावे, अशी ही जोडी. मराठी मुलखात दोन्हींची सुरुवात लोकांच्या वर्गणीतून आणि धडपडीतून झाली.

पुढे सरकारने या धडपडीला कायद्याचा आधार दिला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यानुसार लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना मान्यता मिळते आणि अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळते. अशी अकरा हजारांच्या आसपास ग्रंथालये आज राज्यात आहेत. त्यांतली बहुतेक शहरांतल्या भव्य इमारतींत नाहीत. ती आहेत ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत, शाळेच्या व्हरांड्यात, बाजारपेठेतल्या एखाद्या माडीवर.

या खोल्यांत फक्त पुस्तकांची देवघेव होते असे ज्याला वाटते, त्याने एखाद्या चालत्या वाचनालयाचे वर्षभराचे वेळापत्रक पाहावे. जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्याऐवजी पुस्तकाचे वाण लुटले जाते. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचे शिबिर भरते, त्यात गोष्ट सांगणे, चित्र काढणे, पुस्तकाला कव्हर घालणे चालते. १५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. दिवाळीनंतर दिवाळी अंकांची योजना सुरू होते. थोडी वर्गणी भरायची आणि एकामागून एक अंक घरी न्यायचे. काही गावांत बायकांनी पुस्तक भिशी सुरू केली आहे. दर महिन्याला वर्गणी गोळा होते, चिठ्ठी निघते आणि जिची निघेल तिला पैशांऐवजी तिच्या आवडीची पुस्तके मिळतात. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका तर आता अनेक वाचनालयांचा कणा झाल्या आहेत.

हे सारे चांगलेच आहे. तरीही अशा कार्यक्रमांचे फोटो नीट पाहिले, तर पहिल्या दोन रांगांत वर्षानुवर्षे तीच माणसे दिसतात. मोहल्ल्यातली मुलगी, वीटभट्टीवरच्या कुटुंबातला मुलगा, बांधकामावर आलेला मजूर त्यांत क्वचितच असतो. दारावर कोणी अडवत नाही, हे खरे. पण ज्या घरातून आजवर कोणीच त्या दारातून आत गेलेले नाही, तिथल्या मुलाला ‘सर्वांसाठी खुले’ ही पाटी पुरत नाही. त्याला कोणीतरी हाताला धरून न्यावे लागते, नाहीतर दारच त्याच्या गल्लीत आणावे लागते.

दार गल्लीत आणण्याचे काम औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, झाले आहे. करोनामुळे शाळा बंद होत्या, मुले घरात कोंडली गेली होती. २०२१ च्या सुरुवातीला मरियम मिर्झा या शाळकरी मुलीने स्वतःजवळची पुस्तके काढून मोहल्ल्यातल्या मुलांसाठी छोटे वाचनालय सुरू केले. तिचे वडील मिर्झा अब्दुल कय्यूम नदवी हे पुस्तकविक्रेते. त्यांची रीड अँड लीड फाउंडेशन ही संस्था पाठीशी उभी राहिली. एकाची दोन, दोनाची चार असे करत काही वर्षांत शहराच्या वेगवेगळ्या वस्त्यांत अशी तीसच्या आसपास मोहल्ला बाल वाचनालये झाली. त्यांना मोठी इमारत लागली नाही. एक कपाट, एक सतरंजी, गल्लीतली मुले आणि त्यांच्याकडे लक्ष देणारे एखादे माणूस एवढ्यावर भागले. जी मुले शहरातल्या मोठ्या ग्रंथालयाची पायरी कधी चढली नसती, ती चपला काढून सतरंजीवर बसली.

दार लोकांपर्यंत नेण्याचे प्रयोग इतरत्रही झाले. पाचगणीजवळचे भिलार स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध होते. मे २०१७ मध्ये ते ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तिथे गावकऱ्यांनी आपल्या घरांच्या ओसऱ्या आणि खोल्या पुस्तकांसाठी दिल्या. कोणीही यावे, हवे ते पुस्तक काढावे, बसून वाचावे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे पाठवल्या. अशा पेट्या पुढे दुबईच्या मराठी कुटुंबांपर्यंतही पोहोचल्या. तिन्ही ठिकाणची माणसे वेगळी, साधने वेगळी, पण वाचक येण्याची वाट पाहत कोणीही बसून राहिले नाही.

शेजाऱ्याच्या कपाटातल्या पुस्तकांनी काय होते, याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण कलामसाहेबांचेच. रामेश्वरमच्या त्यांच्या घरात पुस्तकांची चैन नव्हती. गावातले एस. टी. आर. माणिकम हे जुने क्रांतिकारक. त्यांच्याकडे पुस्तकांचा चांगला संग्रह होता आणि या लहान मुलाला ते हवे ते वाचू देत. वर्तमानपत्रांशी ओळख झाली ती नात्यातला भाऊ शमसुद्दीन याच्यामुळे, कारण गावात पेपर वाटण्याचे काम त्याच्याकडे होते. महायुद्धाच्या काळात रामेश्वरमला गाडी थांबेनाशी झाली, तेव्हा पेपरांचे गठ्ठे धावत्या गाडीतून खाली टाकले जात. ते गोळा करायला शमसुद्दीनने छोट्या कलामला मदतीला घेतले. कलामांची पहिली कमाई ती. एका हिंदू शेजाऱ्याचे कपाट आणि एका मुसलमान भावाचा पेपरचा गठ्ठा यांतून तो मुलगा घडला. वाचन प्रेरणा दिनी त्यांच्या फोटोला हार घालताना हा तपशील मुलांना सांगितला, तर हारापेक्षा तोच जास्त लक्षात राहील.

रमजान हा कुरआन अवतरला तो महिना. त्यातली पहिली आज्ञा वाचनाची होती, हे मुसलमानांच्या घरातले लहान मूलही जाणते. म्हणून या महिन्यात वाचनालयाचा विचार करणे वावगे नाही. आणि करण्यासारख्या गोष्टी अगदी साध्या आहेत.

पहिली गोष्ट वेळेची. अनेक छोटी वाचनालये सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास उघडी असतात. संध्याकाळची ती वेळ नेमकी इफ्तार आणि मगरिबच्या नमाजेची असते, म्हणजे रोजा असलेली मुले महिनाभर येऊच शकत नाहीत. एवढ्या तीस दिवसांसाठी दार असरनंतर लगेच, किंवा तरावीह आटोपल्यावर तासभर उघडले, तर अभ्यासाला जागा शोधणाऱ्या मुलांची सोय होईल. रोजा नसलेल्या मुलांनाही रात्रीची शांत जागा मिळेल.

दुसरी गोष्ट निमंत्रणाची. यंदा मराठी भाषा गौरव दिन रमजानमध्येच आला. घरात दख्खनी किंवा उर्दू बोलणारी आणि शाळेत मराठीत शिकणारी मुले गावोगाव आहेत. त्या दिवशी अशा एखाद्या मुलीला मंचावर बोलावून मराठी गोष्ट वाचायला दिली, तर तिच्याबरोबर तिची आई येते, मावशी येते, धाकटी भावंडे येतात. एका निमंत्रणात चार नवे वाचक दारातून आत येतात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफावर थाप मारणारे शाहीर अमर शेख बार्शीचे आणि मूळ नावाने मेहबूब पटेल होते. पुण्यात १९९० मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते. या भाषेत आपलाही वाटा आहे, हे त्या मुलीला सांगायला वाचनालयासारखी दुसरी जागा नाही.

तिसरी गोष्ट देण्याची. जकातीचे नियम ठरलेले आहेत, ती गरजूंच्या हक्काची आहे आणि तिथेच जायला हवी. पण तिच्यापलीकडे स्वखुशीने दिला जाणारा सदका असतो. ज्याचा लाभ देणाऱ्याच्या माघारीही लोकांना मिळत राहतो, त्याला सदका-ए-जारिया म्हणतात. विहीर खोदणे, झाड लावणे, ज्ञानाचे साधन ठेवून जाणे ही त्याची नेहमीची उदाहरणे. वाचनालयाला दिलेली पुस्तके, पंखा, चार खुर्च्या त्यातच बसतात. आणि ईदच्या दिवशी मुलांच्या मुठीत कोऱ्या नोटा ठेवताना एकाला तरी पुस्तकाची ईदी द्यायला काय हरकत आहे?

हे सारे सांगताना एक माणूस विसरून चालणार नाही. वाचनालयाचे दार उघडतो तो माणूस. ड वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला ३० हजार रुपये अनुदान मिळत असे. २०२२ मध्ये सरकारने ६० टक्के वाढ दिली, तेव्हा ते ४८ हजार झाले. त्यातला निम्मा भाग वेतनाचा. म्हणजे त्या वाढीनंतर ग्रंथपालाच्या हाती महिन्याला साधारण दोन हजार रुपये पडू लागले. उरलेल्या निम्म्यात पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज, भाडे आणि वर्षभराचे कार्यक्रम. तरावीहनंतर तासभर दार उघडे ठेवा, असे या माणसाला सांगताना जीभ अडखळायला हवी. ज्याला शिलाई किंवा किराणा दुकानातली दुसरी नोकरी केल्याशिवाय घर चालवता येत नाही, त्याच्याच भरवशावर गावचे वाचन उभे आहे.

म्हणून रात्रीच्या त्या एका तासाची जबाबदारी गावाने वाटून घ्यावी. मोहल्ल्यातला कॉलेजचा विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, बचत गटातली एखादी ताई असे चौघे-पाचजण पाळीपाळीने किल्ली घेऊ शकतात. मशिदीच्या कमिटीने आणि गणेश मंडळाने वर्षाला एकेक कपाट भरून द्यायचे ठरवले, तर दोघांच्या वर्गणीला ते जड नाही. आणि ग्रंथपालाच्या पगाराचा प्रश्न आपापल्या नगरसेवकापुढे आणि आमदारापुढे नेणे हेही वाचकांचेच काम आहे. मत मागायला सगळेच येतात. त्यांना रस्ता आणि पाण्याबरोबर वाचनालयाबद्दलही विचारले पाहिजे.

मांजरीसारखी गावे आता शहरात गेली आहेत. तिथे रस्ते रुंद होतील, इमारती आणखी उंच होतील, ते व्हायलाच हवे. त्या इमारतींच्या आराखड्यात गाड्या लावायला जागा असते, व्यायामाला जागा असते. तळमजल्यावरची एक खोली पुस्तकांसाठी मागितली, तर ती मागणी जास्तीची ठरू नये. त्या खोलीत रमजानच्या एखाद्या संध्याकाळी गणिताचे पुस्तक मिटून एखादी मुलगी इफ्तारीला घरी पळेल, आणि तिच्या शेजारी बसलेली मैत्रीण तिची वही सांभाळून ठेवेल. उद्या याच वेळेला दार उघडे असेल, एवढा भरवसा त्या दोघींना हवा.