हिऱ्यातली खोट कामाला आली

हिरा हातात आला की जवाहिऱ्या आधी आत खोट आहे का ते बघतो. खोट दिसली की भाव उतरतो. पण नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरातले शास्त्रज्ञ खोट असलेलाच हिरा निवडतात. का, ते आज आपण समजून घेऊ या.

हिऱ्यात कार्बनचे अणू ओळीने बसलेले असतात. कधी एका कार्बनच्या जागी नायट्रोजन येतो आणि शेजारची जागा रिकामीच राहते. या जागी अडकलेले इलेक्ट्रॉन इवल्याशा लोहचुंबकासारखे वागतात. या गुणाला ‘स्पिन’ म्हणतात. त्यात माहिती ठेवता येते आणि लेसरच्या प्रकाशाने वाचता येते.

याचा उपयोग काय? आपल्या गटाचे बँकेचे व्यवहार आज गणिताच्या कुलपात बंद होऊन जातात. उद्या मोठे क्वांटम संगणक आले, तर यातली काही कुलपे तुटू शकतील. क्वांटम जाळ्यात दोन ठिकाणच्या हिऱ्यांतले स्पिन प्रकाशकणांच्या मदतीने जोडीला बांधतात. मध्येच कुणी डोकावले, तर जोडी बिघडते आणि चोरी कळते.

अडचण अशी, की प्रकाशकण काचेच्या तारेत लांब जाईपर्यंत हरवतात. साधा संदेश वाटेत पुन्हा मोठा करता येतो. क्वांटम माहितीची मात्र हुबेहूब नक्कल निघत नाही. हा निसर्गाचाच नियम. म्हणून वाटेत ठाणी लागतात. एसटी बदलताना आपण पुढची गाडी येईपर्यंत स्टँडवर थांबतो ना, तसेच. एका बाजूची जोडी जमली, की दुसरी जमेपर्यंत ती सांभाळायची. हे काम खोटीशेजारच्या एका कार्बन अणूचा गाभा करतो.

डेल्फ्टमध्ये २०१५ साली १.३ किलोमीटर अंतरावरचे दोन हिरे असे जोडले गेले. २०२१ साली तीन ठाण्यांचे जाळे झाले. २०२४ साली डेल्फ्ट आणि हेग ही शहरे २५ किलोमीटर तारेने जोडल्याचे जाहीर झाले. पण हे हिरे उणे २६९ अंशांच्या आसपास गार ठेवावे लागतात. त्यामुळे हे जाळे आपल्या दारी यायला वेळ आहे.

आणि एक सांगतो. कुलूप कितीही पक्के असो, किल्ली आपणच चोराच्या हाती दिली तर हिराही वाचवणार नाही. फोनवर कुणी कितीही गोड बोलले, तरी ओटीपी सांगायचा नाही. गटाच्या पुढच्या बैठकीत हे सगळ्यांना सांगा.