दाज्यूंना मत नाही

एप्रिल २०२४ मध्ये मी लंडनला मावसभावाकडे, हाउन्स्लोला गेले होते. तो तिथे नऊ वर्षं आहे. कर भरतो, कुठल्या रंगाचा कचरा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा ते त्याला पाठ आहे. दारात महापौरपदाच्या निवडणुकीचं पत्रक पडलं होतं. कुणाला देणार म्हणून विचारलं, तर हसला. "ताई, पासपोर्ट अजून भारतीय आहे. आपल्याला कुठलं मत?"

आहे की! राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक ब्रिटनमध्ये कायदेशीर राहत असेल, तर त्याला तिथे मत असतं, अगदी पार्लमेंटपर्यंतचं. साम्राज्य गेलं, ही सवलत राहून गेली. मलाही हे त्याच संध्याकाळी दार वाजवायला आलेल्या दोघांकडून कळलं, आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी त्यांच्याबरोबर साउथॉलला निघाले.

एक निवृत्त पंजाबी बाई, सगळ्यांच्या आंटी. दुसरे पन्नाशीचे नेपाळी गृहस्थ, त्यांना सगळे दाज्यू म्हणतात. काम साधं. बेल वाजवायची, कुणाकडे कुठला पासपोर्ट ते विचारायचं, मोबाइलवर किंवा कागदावर मतदारयादीत नाव घालायला मदत करायची. नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी असला की पाच मिनिटांत होतं.

बाकी वेळ जिन्यांत जातो. ओल्या कार्पेटचा कुबट वास आणि त्यात कुणाकडची तरी कांद्याची फोडणी. अजून नाकात आहे. एका घरात चार-चार भाडेकरू, दाराला बेल एकच. भाड्याने राहणारी माणसं पत्ता बदलतात आणि दर वेळी यादीतून गळतात. यादीत नाव नसलेले किंवा चुकीचं असलेले लोक ऐंशी लाखांपर्यंत असावेत, असं तिथल्या निवडणूक आयोगाचा २०२३ चा अहवाल सांगतो. आंटींचा आकडा मात्र वेगळा. कुणी "एका मताने काय होतंय" म्हटलं, की त्या पंजा उघडून दाखवतात. पाँच!

१८९२ साली आपले दादाभाई नौरोजी फिन्सबरी सेंट्रलमधून पार्लमेंटात गेले ते पाच मतांनी, २,९६१ विरुद्ध २,९५६. लोक त्यांना गमतीने 'नॅरो-मेजॉरिटी' म्हणू लागले. चारच वर्षांपूर्वी, काळ्या माणसाला निवडून देण्याइतके इंग्रज मतदार पुढे गेलेले नाहीत, असं पंतप्रधान सॉल्सबरी भर सभेत बोलून गेला होता. आंटींना सॉल्सबरी ठाऊक नाही. त्यांना २३ एप्रिल १९७९ ठाऊक आहे. त्या दिवशी साउथॉलच्या टाउन हॉलमध्ये स्थलांतरितांच्या विरोधातल्या नॅशनल फ्रंट पक्षाची सभा होती, निवडणुकीचीच. तिच्या विरोधात रस्त्यावर उतरलेल्यांवर पोलीस तुटून पडले आणि त्यात ब्लेअर पीच हा न्यूझीलंडचा गोरा शिक्षक मारला गेला. आंटी तेव्हा शाळेत होत्या.

एका घरात गोव्यातल्या बार्देशचे दोघे भाऊ भेटले. धाकट्याकडे भारतीय पासपोर्ट, थोरल्याने पोर्तुगीज काढलेला. धाकट्याला खासदार निवडता येतो, थोरल्याला फक्त महापौर आणि नगरसेवक. "हांव युरोपियन जालों, आनी म्हजें मत उणें जालें," थोरला म्हणाला, आणि आम्ही जिन्यातच हसत उभे राहिलो.

दाज्यू आमच्याबरोबर हसले, पण जरा उशिरा. मोझांबिक आणि रवांडा ब्रिटिशांच्या वसाहती कधीच नव्हत्या, तरी ते राष्ट्रकुलात आहेत, म्हणून तिथल्या माणसाला मत. नेपाळची पोरं दोनशे वर्षं ब्रिटिश पलटणींत लढली. नेपाळ राष्ट्रकुलात नाही. दाज्यूंना मत नाही. जुन्या मालकाने वाटलेल्या पानसुपारीसारखा मला तो कायदा वाटला, कुणाच्या हातावर पडली, कुणाच्या नाही.

हीथ्रोजवळच्या कारखान्यात रात्रभर विमानातलं जेवण भरून, चार तास झोपून हा माणूस दुसऱ्यांच्या मतांसाठी जिने चढत होता. का, म्हणून मी विचारलंच. "मेरी बस का किराया तो वही तय करेगा ना, जिसे ये लोग चुनेंगे," ते म्हणाले आणि पुढची बेल वाजवली. एक पोरगा दार उघडून "इंटरेस्ट नाही" म्हणाला. दाज्यूंनी त्याला थँक्यू म्हटलं. मला ते जमलं नसतं.

दिवसभरात सतरा नावं झाली. मुदत मंगळवारी संपत होती. मावसभावाने सोमवारी रात्री जेवता जेवता नाव घातलं, आणि मतदान केंद्रावर ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो, हे वाचून तो पुन्हा एकदा हसला.

तुमच्या घरचं कुणी भारतीय पासपोर्टवर तिकडे राहत असेल, तर पुढच्या फोनवर हवापाणी विचारून झालं की यादीत नाव घातलंय का, तेही विचारा.