कोळशाच्या खाणींनजीक विहीर देणाऱ्या दात्यांस

दुष्काळनिवारणार्थ येणाऱ्या देणग्यांत विहिरीसाठी दिलेल्या रकमेस आपल्याकडे विशेष पुण्य मानितात, व ते योग्यच आहे. परंतु वर्धा नदीच्या खोऱ्यात जेथे कोळसा निघतो तेथे विहीर खणून दिल्याने दात्याचे कार्य संपत नाही. याचे कारण भूमीच्या रचनेत आहे.

वर्ध्यास लागून असलेले सिंदी मेघे हे गाव काळ्या फत्तरावर वसले आहे. या फत्तरात पाणी राहते ते वरच्या मुरमात व खालच्या भेगांत. म्हणून एक विहीर तुडुंब आणि पन्नास पावलांवरील दुसरी कोरडी, हा अनुभव येथील जमीनदारांस नवा नाही. नदीच्या ओघाबरोबर आग्नेयीस वरोरा, भद्रावती, घुग्घुस किंवा पलीकडे वणीच्या बाजूस गेले म्हणजे प्रकार पालटतो. तेथे पुष्कळ ठिकाणी कामठी नावाचा वालुकाश्म लागतो व त्याखाली बराकर थरांत कोळसा सापडतो. वालुकाश्माच्या कणाकणांत पाणी मुरलेले असते. कोळसा काढावयाचा तर ते पंपाने उपसावे लागते, आणि भोवतालच्या विहिरींची पातळी खाली जाऊ लागते. खाणीचे पाणी नाल्याने वाहत आहे आणि जवळच्या गावात घागर बुडत नाही, अशी विपरीत स्थिती यातूनच उद्भवते. खाण बंद झाली तरी प्रश्न मिटतो असे नाही. वरोऱ्याची जुनी खाण १९०६ साली बंद पडली, पण सोडून दिलेल्या पोकळ्यांत पाणी साचते व पुढे कोठे जाते ते पाहावेच लागते.

पाण्याचा गुण हा तर याहून नाजूक विषय. कोळशाच्या थरांत लोह व गंधक यांचा संयोग असलेले खनिज असते. त्यास हवा व पाणी लागले की गंधकाचे क्षार व लोह पाण्यात उतरतात. भांड्यात ठेवलेले पाणी तांबूस होते, डाळ शिजत नाही. हे दोष निदान दिसतात तरी. फ्लोराइडास ना रंग ना चव, आणि पाणी उकळल्याने ते जात नाही. भारतीय मानकानुसार ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, व दुसरे पाणी नसेल तरच १.५ पर्यंत चालेल. चंद्रपूर व यवतमाळ या जिल्ह्यांत खाणींपासून दूरच्या विहिरींतही ते आढळते, कारण ते मूळ खडकातूनच येते. तेव्हा प्रत्येक दोष खाणीच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. आणि खाणीचा दोष खडकावर ढकलणे तर मुळीच नव्हे.

हा निवाडा करावयाचा तर पूर्वीची नोंद हवी. १९७२ च्या दुष्काळाच्या वर्षी महाराष्ट्रात स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठराविक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. परंतु गावोगावची प्रत्येक विहीर तिच्या यादीत असणे शक्य नाही. म्हणून समितीची विनंती अशी की, विहिरीच्या खर्चासोबतच तिच्या पाण्याच्या परीक्षेचाही खर्च द्यावा. पहिली परीक्षा पाणी लागताच, आणि पुढे दरसाल पावसाळ्यापूर्वी व नंतर. कठड्यावर एक कायमची खूण करून, पहाटे पोहरा पडण्यापूर्वी, तेथून पाण्यापर्यंतचे अंतर टेपाने मोजावे. बाटली त्याच पाण्याने तीनदा खळबळून मग भरावी.

जमीनदारांकडून पैशाहून निराळे साह्य हवे आहे. आपली जुनी विहीर किती खोल आहे, कोणत्या साली आटली, पाणी केव्हापासून मचूळ झाले, हे आठवत असेल तेवढे समितीस लिहून कळवावे.